झुलता पूल : दोरापासून पोलादापर्यंत

ऋषिकेशला जाऊन लक्ष्मणझुल्यावर पाऊल न ठेवता परतलेला यात्रेकरू मागच्या पिढीत विरळाच. त्या पुलावर पाऊल टाकले की पायाखाली काहीतरी हलते. समोरून माणसांचा जथा आला की हालचाल वाढते, आणि खाली गंगेचा वेगवान हिरवट प्रवाह पाहून मनात एक प्रश्न उभा राहतो : हे सारे नेमके कशाच्या आधारावर तोललेले आहे? पाण्यात एकही खांब नाही, खाली कमान नाही, आणि तरी शेकडो माणसे निर्धास्त ये-जा करीत आहेत. आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत या प्रश्नाचा मागोवा घ्यावासा वाटला. कारण त्याचे उत्तर शोधताना अभियांत्रिकीबरोबरच माणसाच्या सावधपणाचा आणि बेफिकिरीचा इतिहासही उलगडत जातो.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आपल्या देशातील जे मोठे पूल सर्वसामान्यपणे ‘झुलते पूल’ म्हणून ओळखले जातात, त्यांतील बहुतेक खऱ्या अर्थाने झुलते नाहीत. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोलकात्याचा विद्यासागर सेतू आणि गोव्यात मांडवीवर २०१९ साली खुला झालेला अटल सेतू या तिन्ही पुलांत उंच मनोऱ्यांपासून तिरप्या तारा थेट रस्त्याला बांधलेल्या आहेत. त्यांना तारांनी पेललेले पूल म्हणावे. कोलकात्याच्याच हावडा पुलात तर तारा नाहीतच. दोन्ही काठांवरून पुढे झेपावलेल्या पोलादी बाहूंवर तो उभा आहे. खऱ्या झुलत्या पुलाची खूण निराळी. त्यात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, मनोऱ्यांच्या माथ्यावरून, एक अखंड दोर झोळ देऊन सोडलेला असतो. त्या दोराला ठरावीक अंतरावर उभ्या सळ्या अथवा तारा टांगलेल्या असतात आणि त्यांच्या खालच्या टोकांना पुलाचा रस्ता लटकलेला असतो. दोर, मनोरे, टांगत्या सळ्या, रस्ता आणि दोराची टोके जमिनीत घट्ट धरून ठेवणारे अवजड नांगर, अशी ही पाच अंगे. त्यांतील चार सर्वांना दिसतात. पाचवे जमिनीत अथवा खडकात दडलेले असते, आणि सारा पूल अखेर त्याच्याच भरवशावर असतो.

ताणाचा हिशेब

झुलत्या पुलामागील शास्त्र घरच्या वाळत घालण्याच्या दोरीवरही समजून घेता येते. दोरी सैल बांधली तर ओल्या धोतराच्या भाराने ती खाली येते, पण तुटत नाही. तीच दोरी ताठ ओढून बांधली तर तेवढ्याच भाराने खिळा उपटून येतो. भार तोच असून परिणाम वेगळा का? दोरी केवळ आपल्या लांबीच्या दिशेनेच ओढू शकते. तिला वजन वर उचलून धरायचे असेल, तर तिच्यात थोडा उतार हवा. उतार जितका कमी, तितकी तेच वजन पेलण्यासाठी ओढ अधिक लागते.

आकड्यांत सांगायचे तर असे : दोन मनोऱ्यांमधील अंतर, म्हणजे पुलाचा गाळा, १०० मीटर आहे आणि त्यावर सर्वत्र सारखा पसरलेला एकूण १०० टन भार आहे असे समजू. दोराला मध्यभागी १० मीटर झोळ दिला तर त्या ठिकाणी दोरातील ताण १२५ टन येतो आणि मनोऱ्यापाशी तो सुमारे १३५ टनांपर्यंत जातो. झोळ निम्मा करून ५ मीटर ठेवला, तर मध्यभागीचा ताण दुप्पट, म्हणजे २५० टन होतो. दोर अगदी सरळ, आडव्या रेषेत ताणायचा म्हटले तर जगातील कोणताही दोर पुरा पडणार नाही. म्हणूनच मोठ्या पुलांचा झोळ साधारणपणे गाळ्याच्या एक दशांशाच्या आसपास असतो आणि तो देता यावा यासाठी मनोरे उंच बांधावे लागतात. मनोऱ्यांवर येतो तो दाब, दोरावर येतो तो ताण, आणि हा ताण शेवटी ज्याच्या गळ्यात पडतो तो काठावरचा नांगर.

या रचनेचा लाभ असा की नदीच्या पात्रात खांब उभारण्याची गरज राहत नाही. जेथे दरी खोल, प्रवाह उग्र किंवा खालून जहाजांची वाट, तेथे हा पूल इतर प्रकारांना सहज मागे टाकतो. तुर्कस्तानात २०२२ साली खुल्या झालेल्या चानाक्काले येथील पुलाचा मधला गाळा २०२३ मीटर, म्हणजे दोन किलोमीटरहून अधिक आहे. दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या पुलाला एवढी झेप आजवर साधलेली नाही. मात्र या लाभाची एक किंमत आहे. दगडी कमान शतकानुशतके दाबाखाली बसून राहते. दगडावर दगड दाबला गेला की बांधकाम बहुधा अधिकच घट्ट होते. ताणाचे तसे नाही. ताणाखाली असलेल्या वस्तूतील बारीकशी चीरही मिटण्याऐवजी रुंदावत जाते.

दरवर्षी नवा होणारा पूल

ही गोष्ट प्राचीन माणसाला पुस्तकाशिवाय ठाऊक होती. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेला चिनी भिक्षू फाहियान याने सिंधू नदी ओलांडली ती दोरांच्या टांगत्या पुलावरून. तेथे दोन काठांमधील अंतर सुमारे ८० पावलांचे होते, असे त्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले आहे. हिमालयाच्या दऱ्याखोऱ्यांत गवताचे, वेलींचे आणि वेताचे असे झुले पिढ्यान्‌पिढ्या बांधले जात आले. ‘झुला’ हा शब्दच पुढे पुलाचे नाव होऊन बसला, त्याचे मूळ याच परंपरेत आहे.

अशा पुलांचे आयुष्य थोडे असते, हे बांधणारे जाणून होते. पेरू देशातील अँडीज पर्वतात अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवती दोरांचा पूल आहे. त्याची परंपरा इंका राज्यकाळापासून चालत आलेली. दरवर्षी जून महिन्यात आसपासच्या गावांतील माणसे एकत्र येतात. प्रत्येक घराने वळून आणलेल्या बारीक दोऱ्यांपासून जाड दोर वळले जातात, जुना पूल कापून नदीत सोडून दिला जातो आणि काही दिवसांत त्याच जागी नवा पूल उभा राहतो. युनेस्कोने २०१३ साली या परंपरेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. येथे पूल म्हणजे एकदा बांधून ठेवलेली वस्तू राहत नाही. ते दरवर्षी पार पाडायचे कर्तव्य होते.

लोखंड आले आणि ही जाणीव हळूहळू ओसरू लागली. तिबेटमधील थांगतोंग ग्याल्पो या पंधराव्या शतकातील सिद्धपुरुषाने लोखंडी साखळ्यांचे अनेक पूल उभारले. अरुणाचल प्रदेशातील तवांग जिल्ह्यात त्याच्या नावाने सांगितला जाणारा साखळीपूल आजही दाखवला जातो. गवत कुजते हे डोळ्यांना दिसते. लोखंड मात्र गंजताना फारसे बोलत नाही. ते टिकाऊ आहे, या विश्वासातच पुढील अनेक दुर्घटनांची बीजे होती.

सागरचा साखळीपूल

आधुनिक लोखंडी झुलत्या पुलांचे युग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. अमेरिकेत जेम्स फिन्ले याने १८०१ साली साखळ्यांवर टांगलेला सपाट रस्त्याचा पूल बांधला. वेल्समध्ये थॉमस टेलफर्ड याने मेनाईच्या सामुद्रधुनीवर ५७९ फुटी गाळ्याचा पूल बांधून १८२६ साली तो वाहतुकीस खुला केला. टेलफर्डने साखळ्यांचा प्रत्येक लोखंडी पट्टा बसवण्यापूर्वी ओढून तपासला होता आणि साखळ्यांची टोके खडकात बोगदे खोदून पक्की केली होती.

त्यानंतर अवघ्या दोन-चार वर्षांत असाच पूल मध्य भारतात उभा राहिला, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. स्थळ होते सागर. रत्नागिरीकडून उत्तरेत गेलेले गोविंदपंत खेर, म्हणजेच पानिपतच्या मोहिमेत प्राण वेचलेले गोविंदपंत बुंदेले, यांनी हे नगर नावारूपाला आणले. १८१८ साली पेशवाई संपली आणि सागर इंग्रजांकडे गेले. तेथील टांकसाळीत धातूंची पारख करणारा प्रेसग्रेव्ह नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी होता. त्याने सागरजवळच्या बेवस नदीवर १८२८ ते १८३० या काळात सुमारे २०० फुटी गाळ्याचा लोखंडी झुलता पूल उभारला.

या पुलाचे महत्त्व त्याच्या लांबीपेक्षा त्याच्या लोखंडात आहे. ते विलायतेहून आलेले नव्हते. त्या प्रदेशातील लोहारांनी मातीच्या लहान भट्ट्यांत, लाकडी कोळशावर, आपल्या परंपरागत पद्धतीने ते गाळलेले होते. जेम्स फ्रँकलिन या अधिकाऱ्याने त्याच सुमारास मध्य भारतातील लोखंड गाळण्याच्या पद्धतीचे सविस्तर वर्णन लिहिले. हे लोखंड उत्तम स्वीडिश लोखंडाच्या तोडीचे असल्याचा प्रेसग्रेव्हचा अभिप्राय त्यात नोंदलेला आहे. पुढे इतिहाससंशोधक धरमपाल यांनी अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानावरील आपल्या ग्रंथात हे वर्णन पुन्हा प्रकाशात आणले. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेल्या स्लीमननेही आपल्या आठवणींत या पुलाचा गौरवाने उल्लेख केला आहे.

या प्रसंगातील दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. स्थानिक कारागिरांच्या हाती असे लोखंड होते की ज्यावर माणसांचे प्राण टांगता येतील. आणि पूल बांधणारा माणूस धातूचा पारखी होता. लोखंड चांगले आहे असे त्याने केवळ गृहीत धरले नाही, त्याची पारख केली. पुढच्या काळात भारताच्या बाजारपेठेत विलायती लोखंड भरले आणि त्या भट्ट्या एकेक करून विझत गेल्या.

कडी आणि तार

साखळीपुलाचा एक स्वाभाविक दोष आहे. साखळीचे बळ तिच्या सर्वांत अशक्त कडीएवढेच असते. म्हणून अभियंते साखळीकडून तारेकडे वळले. शेकडो बारीक तारा एकत्र आवळून केलेल्या दोरात एखादी तार तुटली तरी उरलेल्या तारा तिचा भार वाटून घेतात. तुटणे एकाएकी न घडता हळूहळू घडते आणि सावध माणसाला इशारा मिळतो. मात्र त्यासाठी कोणीतरी पाहत असले पाहिजे.

फ्रान्समधील आंजे शहरात १६ एप्रिल १८५० रोजी वादळी पावसात सैनिकांची एक तुकडी झुलत्या पुलावरून जात असता पूल कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पूल जेमतेम अकरा वर्षांचा होता. चौकशीत आढळले ते असे : दोराची टोके नांगरापाशी चुन्याच्या गाऱ्यात पुरून टाकलेली होती. गंजापासून संरक्षण म्हणून केलेला हा उपायच घातक ठरला होता. आत पाणी मुरले, तारा गंजल्या आणि त्या पाहण्याची सोयच कोणी ठेवलेली नव्हती.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची कथा याच्या उलट आहे. जॉन रोबलिंग याने त्याची योजना केली, पण काम सुरू होण्यापूर्वीच १८६९ साली त्याचा मृत्यू झाला. पुत्र वॉशिंग्टन रोबलिंग याने काम हाती घेतले. नदीच्या तळाशी दाबलेल्या हवेत काम करण्यातून जडणाऱ्या व्याधीने तोही अंथरुणाला खिळला. त्याची पत्नी एमिली हिने वर्षानुवर्षे त्याच्या सूचना कामगारांपर्यंत पोहोचवून काम तडीस नेले. दोर विणण्याचे काम चालू असताना उघडकीस आले की तार पुरवणाऱ्या कंत्राटदाराने नापास झालेली तार फसवून पुलात घातली आहे. बसवलेली तार काढणे शक्य नव्हते. परंतु मूळ योजनेत दोर आवश्यकतेच्या सहापट बळकट धरलेले होते. प्रत्येक दोरात सुमारे १५० तारा जादा घालण्यात आल्या आणि तरीही पाचपट बळ शिल्लक राहिले. १८८३ साली खुला झालेला तो पूल आजही वाहता आहे. माणूस लबाडी करील हे गृहीत धरून ठेवलेल्या त्या वाढीव बळाने एका लबाडीचे प्रायश्चित्त घेतले.

१५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेतच ओहायो नदीवरील ‘सिल्व्हर ब्रिज’ नावाचा साखळीपूल ऐन गर्दीच्या वेळी कोसळून ४६ जण दगावले. कारण होते एका कडीतील जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर. ती सांध्याच्या आत अशा जागी होती की पूल सुटा केल्याखेरीज दिसलीच नसती. या अपघातानंतर अमेरिकेने देशभरातील पुलांच्या नियतकालिक तपासणीचा कायदा केला.

मोरबी आणि लक्ष्मणझुला

आता आपल्या देशातील दोन पुलांकडे वळू. सौराष्ट्रातील मोरबी संस्थानचे राजे वाघजी ठाकोर यांनी मच्छू नदीवर सुमारे २३० मीटर लांबीचा आणि सव्वा मीटर रुंदीचा झुलता पूल बांधवला. १८७९ साली मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. २००१ च्या भूकंपात हानी होऊनही तो पुन्हा उभा राहिला. २०२२ साली काही महिने दुरुस्तीसाठी बंद ठेवून गुजराती नववर्षाच्या दिवशी, २६ ऑक्टोबर रोजी, तो पुन्हा खुला करण्यात आला. चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी, तो तुटला. १३५ जणांचे प्राण गेले. त्यांत लहान मुले कितीतरी होती.

विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालाने जे सांगितले ते मन विषण्ण करणारे आहे. पुलाचा मुख्य दोर सात पेडांचा, प्रत्येक पेडात सात तारा, म्हणजे एकूण ४९ तारांचा होता. त्यांपैकी २२ तारा आधीच गंजून निकामी झालेल्या असाव्यात असा निष्कर्ष निघाला. दुरुस्तीत लाकडी फळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे नवे पत्रे बसवले गेले आणि टांगत्या सळ्यांना नव्या सळ्या वितळजोडाने जोडल्या गेल्या. मुख्य दोर मात्र जुनाच राहिला. जे लोकांना दिसते ते नवे झाले आणि जे भार वाहते ते तसेच राहिले. त्यावर एका वेळी किती माणसे जाऊ द्यायची, याचेही बंधन पाळले गेले नाही. आंजेची दुर्घटना आणि मोरबीची दुर्घटना यांत १७२ वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हींचे मूळ एकच : गंज आणि त्याकडे न पाहणारी नजर.

लक्ष्मणझुल्याचे वळण निराळे आहे. तेथील १८८९ सालचा जुना पूल १९२४ च्या महापुरात वाहून गेला. त्यानंतर ४५० फुटी गाळ्याचा नवा पूल बांधण्यात आला आणि ११ एप्रिल १९३० रोजी संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर माल्कम हेली यांनी तो खुला केला. जुलै २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या तपासणीत पूल आता एवढा भार वाहण्याजोगा राहिलेला नाही असे आढळले आणि तो बंद करण्याचा निर्णय झाला. दोन्ही काठांवरील दुकानदार, रहिवासी आणि यात्रेकरू यांची गैरसोय झाली, विरोधही झाला. अनेकांच्या आठवणी त्या पुलाशी जडलेल्या होत्या. पुढील वर्षी तो पूर्णपणे बंद झाला. शेजारी नव्या पुलाचे काम हाती घेण्यात आले.

मोरबीचा दिवस देशाच्या स्मरणात राहिला. लक्ष्मणझुला बंद झाल्याचा दिवस थोड्यांनाच आठवतो. न घडलेल्या अपघाताची तिथी कोणी पाळत नाही. पण हीच तर तपासनीसाच्या कामाची खरी पावती आहे. त्याच्या एका अप्रिय अहवालाने किती जणांचे प्राण वाचले, हे त्यालाही कधी कळणार नाही.

झुलता पूल म्हणजे काय, याचे पुस्तकी उत्तर वर आले आहे. इतिहासाचे उत्तर त्याहून थोडे अधिक आहे. केस्वाचाकाच्या गावकऱ्यांनी आपला पूल कायमचा कधीच मानला नाही, म्हणून त्यांचा गवताचा पूल शतकानुशतके टिकला. मोरबीचा पूल पोलादाचा होता, म्हणून तो टिकेलच असे मानले गेले. वस्तूचे वय हा तिच्या बळाचा पुरावा होऊ शकत नाही. साठ किंवा शंभर वर्षे उभे राहिल्यावर तर तिच्या दडलेल्या अंगांची पारख अधिकच कसोशीने करावी लागते.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणाऱ्या आपल्या समाजाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. येथे मराठी बाजारात आपोआप कानावर पडत नाही. पहिलीच्या प्रत्येक नव्या वर्गाबरोबर तिचा दोर घरोघरी पुन्हा वळावा लागतो. हीरकमहोत्सवानिमित्त इमारतीला रंग लागला, कमानी सजल्या, हे आनंदाचे आहे. त्याच वेळी पटावरील संख्या, ग्रंथालयातून घरी जाणारी पुस्तके आणि मुले आपसांत कोणत्या भाषेत भांडतात, हेही अधूनमधून मोजून पाहावे. आपल्या पुलाच्या तारा तेथे आहेत.